जर्सी बेटाचे दार



आपल्या गोठ्यातली जर्सी गाय मूळची जर्सी बेटाची. बेट जेमतेम ११८ चौरस किलोमीटर, वस्ती लाखभर. एवढ्याशा बेटाने परदेशी मदत द्यावी काय, निर्वासित घ्यावेत काय?

१९४० साली जर्मन फौजा येण्याआधी तिथले हजारो लोक इंग्लंडच्या आसऱ्याला गेले. १९४४ च्या डिसेंबरात रेडक्रॉसच्या 'वेगा' जहाजाने उपाशी बेटाला अन्न पोचवले.

आज हे बेट रवांडातल्या दूधउत्पादकांना मदत करते, हे चांगलेच. पण २०१५ साली सीरियाच्या निर्वासितांना कायद्याची अडचण सांगून घेतले नाही. पैसे तेवढे दिले.

जागा थोडी, तर माणसे थोडी घ्यावीत. पण दुष्काळात शेजाऱ्याच्या विहिरीवर जगलेल्याने आपल्या आडाला कुलूप लावू नये.