गुडघेदुखी, कंबरदुखी आणि घरातली पंधरा मिनिटे

आपल्या घरांत दुखण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी बाम. मग मुलाला मेडिकलमध्ये पाठवून आणलेली गोळी. त्यानंतर कुणीतरी सांगितलेला मालिशवाला. मग एखादे इंजेक्शन. हे सगळे करून झाले, की शेवटी कुणीतरी म्हणते, "फिजिओथेरपी करून पाहा." मग अम्मी चार दिवस जाते, मशिनचा शेक घेते, बरे वाटते आणि पाचव्या दिवशी घरी पाहुणे येतात. फिजिओथेरपी तिथेच संपते. महिन्याभराने दुखणे पुन्हा सुरू झाले, की घरात निकाल लागतो : "ते पण करून पाहिले, काही फायदा नाही."

पालकसभेला येणाऱ्या आया हे बोलून दाखवतात. शाळेचा जिना चढून वर येईपर्यंत निम्म्याजणी कठडा धरतात. विचारले तर उत्तर एकच : "बाई, उमर झाली." वय मात्र पंचेचाळीसच्या आतबाहेर असते. म्हणून या महिन्याच्या सदरात फिजिओथेरपीबद्दल, म्हणजेच भौतिकोपचाराबद्दल लिहिते आहे.

शेक म्हणजे फिजिओथेरपी नव्हे

शेक, मशिन, करंट यांनी दुखणे काही वेळ कमी होते. त्या वेळात व्यायाम करणे सोपे जाते, इतकाच त्यांचा उपयोग. खरा उपचार म्हणजे ठरवून दिलेला व्यायाम. कमजोर झालेले स्नायू पुन्हा कामाला लावणे, आखडलेला सांधा मोकळा करणे आणि उठण्याबसण्याची, वजन उचलण्याची पद्धत सुधारणे. यातले बहुतेक काम दवाखान्यात होत नाही, घरी होते. फिजिओथेरपिस्ट शिकवतो, तपासतो, पुढचा धडा देतो. गृहपाठ आपल्यालाच करायचा असतो. वर्गात कितीही चांगले शिकवले आणि घरी वही उघडलीच नाही, तर निकाल काय लागतो हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे.

आपल्या देशात या उपचाराची मुळे रुजली त्यात एका मुस्लिम आईचा मोठा वाटा आहे, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या फातिमा इस्माईल स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. त्यांची लहानगी मुलगी उषा हिला पोलिओ झाला. उपचारासाठी त्या मुलीला घेऊन फिरल्या. व्यायाम आणि भौतिकोपचाराने काय साधते हे त्यांनी स्वतः पाहिले आणि १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीजवळचे मुलांचे रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, त्यामागेही पोलिओच होता. पोलिओने गेलेली ताकद गोळीने परत येत नसे. जे स्नायू शिल्लक होते, त्यांच्याकडून रोज काम करून घ्यावे लागे. गुडघ्याच्या आणि कमरेच्या दुखण्यातही नियम हाच आहे.

गुडघा : झीज आणि ताकद

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वजन, जुनी दुखापत आणि सततचे श्रम यांनी तो झिजतो. दुखते म्हणून आपण चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांडीच्या पुढचा मोठा स्नायू बारीक होतो. हाच स्नायू गुडघ्याला आधार देतो. तो कमजोर झाला की गुडघ्यावर जास्त भार येतो आणि दुखणे वाढते. हे चक्र आरामाने तुटत नाही.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हे खरे. पण दुखणे कमी होते, जिना चढता येतो, खुर्चीतून हात न टेकता उठता येते. म्हणूनच गुडघ्याच्या झिजेवर जगभरचे तज्ज्ञ व्यायाम आणि वजन कमी करणे यांना पहिला उपचार मानतात. वजनाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे : शरीराचे वजन एक किलोने कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

तीन साधे व्यायाम बहुतेकांना सुरुवातीला दिले जातात. एक, पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे. दोन, उताणे झोपून एक गुडघा वाकवायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजून हळू खाली आणायचा. तीन, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठायचे आणि सावकाश बसायचे. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी. करताना थोडे दुखले तर घाबरू नका. पण वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर संख्या कमी करा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत निकाल मागू नये.

रोज दुखण्याची गोळी खाणे मात्र टाळा. पोटात जखम होणे, रक्तदाब वाढणे, किडनीवर ताण येणे हे त्यांचे धोके आहेत. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. नाव नसलेल्या पुड्यांपासूनही दूर राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

नमाज आणि गुडघे

हा प्रश्न भगिनी हळू आवाजात विचारतात. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे : उभे राहून नमाज अदा करावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. सवलत दीनमध्येच आहे, तेव्हा खुर्चीवर नमाज पढणाऱ्या दादीला कुणी कमी लेखू नये. कोणता रुक्न कसा अदा करायचा, ते आलिमांना विचारावे.

पण एक गोष्ट आणखी करा. फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर "गुडघा दुखतो" एवढेच सांगून थांबू नका. "मला सज्द्यात जायचे आहे आणि आधाराशिवाय उठायचे आहे," असे स्पष्ट सांगा. जमिनीवर बसण्यासाठी, उठण्यासाठी कोणत्या स्नायूंची ताकद लागते, सांधा किती वाकावा लागतो, हे पाहून ते व्यायाम ठरवू शकतात. अनेकींना ते पुन्हा जमते. काहींना जमणार नाही, पण ते आधी प्रयत्न करून मग ठरावे. ज्यांच्या गुडघ्याचा सांधा बदलला आहे, त्यांनी जमिनीवर टेकण्याबाबत आपल्या सर्जनचा सल्ला घ्यावा.

कंबर आणि खांदा

आपल्या वर्धा जिल्ह्यात कंबर दुखायला कारणे शोधावी लागत नाहीत. कापूस वेचताना तासन् तास वाकणे, सोयाबीनची कापणी, पाण्याचे गुंड उचलणे, खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल, आणि शहरात दिवसभर शिलाई मशिनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणे. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. पूर्वी सांगत तसे पलंगावर पडून राहणे आता सांगत नाहीत. झेपेल तेवढे चालत राहावे, एकाच स्थितीत फार वेळ राहू नये. वजन उचलताना गुडघे वाकवून, वस्तू छातीजवळ धरून उठावे. वेचणीत अधूनमधून सरळ उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवावेत आणि हळूच मागे झुकावे. यात एक मिनिटही जात नाही.

खांद्याचे दुखणे शुगर असणाऱ्यांना जास्त होते. वेणी घालताना, ओढणी मागे टाकताना, फळीवरचा डबा काढताना हात वर जात नसेल, तर खांदा आखडू लागला आहे असे समजा. हे दुखणे पूर्ण सुटायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. हात गळ्यात बांधून ठेवला तर तो आणखी आखडतो. लवकर व्यायाम सुरू केला आणि शुगर आटोक्यात ठेवली, तर त्रास कमी होतो.

मैदानावरची मुले

कबड्डी, खो-खो, क्रिकेट. शाळेच्या मैदानावर घोटा मुरगळणे हे नेहमीचे. मुरगळलेला घोटा ताबडतोब चोळणे किंवा कुणाकडून ओढून "बसवून" घेणे हे सर्वांत वाईट. पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, गरम शेक नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा. इलास्टिकची पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. गुडघा फिरून "कट्" असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर आतला लिगामेंट तुटलेला असू शकतो, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असे नाही. त्या पायावर एकट्याने तोल सांभाळता आला पाहिजे, उडी मारता आली पाहिजे. एका पायावर अर्धा मिनिट उभे राहण्याचा साधा सरावही तोल सुधारतो. हा टप्पा गाळला तर तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. मुलग्यांच्या बाबतीत आपण धावपळ करतो, पण मुलीचा घोटा मुरगळला की "आता खेळ बंद" असा हुकूम निघतो. दुखापत सहा आठवड्यांची आणि खेळ आयुष्यभरासाठी बंद, हा न्याय नव्हे. तिलाही व्यायाम द्या, आणि बरी झाली की मैदानावर पाठवा.

आधी डॉक्टर कधी?

कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा पायातली शक्ती कमी होत गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखण्याबरोबर ताप, विनाकारण घटणारे वजन, झोपू न देणारी रात्रीची वेदना, पूर्वी झालेला कॅन्सर, पडून झालेली दुखापत किंवा लाल, गरम, सुजलेला सांधा असेल तर आधी डॉक्टर, नंतर व्यायाम. छातीत दाब येऊन दुखणे डाव्या हातात किंवा खांद्यात उतरत असेल, तर त्याला खांद्याचे दुखणे समजून बसू नका.

कुठे जायचे?

या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथेच १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातही चौकशी करावी. खासगी दवाखान्यात गेलात, तर फिजिओथेरपीची पदवी आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. महिला फिजिओथेरपिस्ट हवी असेल तर तसे सांगा, बहुतेक मोठ्या ठिकाणी त्या असतात. आर्वी, हिंगणघाट, आष्टीहून रोज येणे परवडत नसेल, तर पहिल्याच भेटीत सांगा : "मला घरी करायचे व्यायाम शिकवा, मी पंधरा दिवसांनी दाखवायला येईन." मोबाइलवर स्वतःचा व्यायाम चित्रित करून घ्या, म्हणजे घरी चूक होत नाही.

वेळ कोण देणार?

आता मूळ अडचण. हे व्यायाम फुकट आहेत, पण त्यांना सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे लागतात. घरातल्या बाईला नेमकी तीच मिळत नाहीत. ती चटई टाकते आणि आवाज येतो : चहा, इस्त्री, डबा. अब्बांची बीपीची गोळी कुणी चुकवत नाही, पण अम्मीचा व्यायाम चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ती स्वतःही बोलत नाही. आपण त्याला सब्र म्हणतो आणि मोकळे होतो. उपचार हाताशी असताना दुखणे सोसत बसण्याला सब्र म्हणत नाहीत. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे.

म्हणून घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलामुलींना विनंती. फज्रनंतरची पंधरा मिनिटे आणि अस्रनंतरची पंधरा मिनिटे अम्मीच्या नावावर करा. तेवढ्या वेळात चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. रमजानमध्ये इफ्तारची तयारी वाटून घ्या आणि व्यायामाची वेळ बदला, पण बंद करू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर व्यायाम झालेल्या दिवशी खूण करायचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. मुले अशा हिशेबात कुणालाच सूट देत नाहीत.

दोन महिन्यांनी कॅलेंडरवरच्या खुणा मोजा, आणि अम्मीला विचारा, जिना चढताना कठडा लागतो का. इन्शाअल्लाह, उत्तर वेगळे असेल.