खिशातले घड्याळ आणि बहिणीचा हिस्सा

गिरडच्या टेकडीवर, बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्याकडे येणारी मुले वाटेतले गोल गोटे वेचून खिसे भरतात. वस्तू जमवण्याची हौस इथूनच सुरू होते. गोट्यांना पैसे पडत नाहीत आणि त्यांच्यावरून मागे कुणी भांडतही नाही. साखळीच्या जुन्या घड्याळांची हौस मात्र वेगळी. आपल्यापैकी काहींच्या कपाटात दादाजानचे खिशातले घड्याळ असेल, कुणाला तशी दुर्मिळ घड्याळे जमवण्याचा नादही असेल. म्हणून या वेळी त्याविषयी.

साधे घड्याळ तास आणि मिनिटे दाखवते. त्याहून अधिक काम करणाऱ्या प्रत्येक करामतीला जाणकार ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. गजर ही त्यातली सोपी करामत. ‘रिपीटर’ प्रकारात बाजूची कळ दाबली की आतल्या बारीक हातोड्या तारेवर पडतात आणि किती वाजले ते ऐकू येते. विजेचा दिवा नव्हता तेव्हा अंधारात याचा मोठा उपयोग होता. काही घड्याळे कोणत्या महिन्याला तीस दिवस, कोणत्याला एकतीस आणि लीप वर्ष कधी, हेही सांभाळतात.

आपल्याला जवळची करामत चंद्रकलेची. तिच्यात बहुधा 59 दातांचे चाक असते आणि त्याच्या तबकडीवर दोन चंद्र रंगवलेले असतात. रोज एक दात पुढे सरकतो, म्हणजे एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस येतात. आभाळातल्या चंद्राला सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटे लागतात. ही 44 मिनिटे दर महिन्याला साचत जातात आणि अडीच वर्षे उलटल्यावर घड्याळाचा चंद्र पूर्ण एक दिवस चुकतो. तेव्हा घड्याळ कितीही भारी असो, ईदचा चांद आभाळातच बघायचा.

अशा घड्याळांची किंमत कशावरून ठरते? स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीने हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन धनिकाला 1933 साली 24 कॉम्प्लिकेशनचे खिशातले घड्याळ बनवून दिले. 2014 साली जिनिव्हाच्या लिलावात ते 2 कोटी 32 लाख फ्रँकला गेले. ती किंमत कारागिरीची. पण आपल्या वर्धा जिल्ह्याशी नाते असलेले एक घड्याळ वेगळ्याच कारणाने मोलाचे ठरले. 1936 साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्यांच्याजवळ झेनिथ कंपनीचे चांदीचे, गजराचे खिशातले घड्याळ होते. 2009 च्या मार्चमध्ये चष्मा, चपला आणि वाटी-ताटासह त्याचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला आणि 18 लाख डॉलर बोली लागली. ती किंमत वापरणाऱ्या माणसाची होती.

मालकी मात्र कुणाचीच कायम राहत नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी 1783 साली पॅरिसच्या ब्रेगे या घडीसाजाकडे सर्वांत गुंतागुंतीचे घड्याळ बनवण्याचे काम आले. राणीचा 1793 साली शिरच्छेद झाला, ब्रेगे 1823 साली वारला आणि घड्याळ पुरे झाले 1827 साली. पुढे ते जेरुसलेमच्या इस्लामी कला संग्रहालयात आले, 1983 साली तिथून चोरीला गेले आणि वीसहून अधिक वर्षांनी सापडले.

आपल्याकडचे उदाहरण हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांचे. मीर युसूफ अली खान यांचा जन्म 1889 चा, पुण्यातला. त्यांनी आयुष्यभर जगभरच्या वस्तू जमवल्या, त्यांत घड्याळेही पुष्कळ. लग्न केले नव्हते. 1949 साली इंतकाल झाला आणि 1951 साली त्यांच्याच दिवाण देवडीत हे सारे लोकांसाठी खुले झाले. आज सालारजंग संग्रहालयातल्या संगीत घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते. वस्तू जपली गेली आणि सर्वांची झाली.

आपल्या घरी मात्र मुले-मुली असतात, आणि खरा प्रश्न तिथेच येतो. अब्बांच्या मागे जमीन आणि दागिने यांचा हिशोब निघतो. घड्याळ मात्र मोठा मुलगा गुपचूप खिशात घालतो, ‘मर्दानी चीज आहे, बहिणीला काय करायची’ असे म्हणून. कुरआनने ठरवलेला वारसा मर्दानी आणि जनानी वस्तू असा फरक करत नाही. मय्यतीचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागवून जे उरते ते सगळे तरका. त्यात मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा हक्क आहे, आणि आईचा आठवा हिस्साही आहे. घड्याळ तोडून वाटता येत नाही, मान्य. मग जाणकाराकडून किंमत करून घ्यावी, ज्याला ठेवायचे त्याने ठेवावे आणि बाकीच्यांचा हिस्सा रोख द्यावा. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर गोष्ट वेगळी, पण आधी तिला किंमत तरी कळू द्या.

जमवणाऱ्याने हयातीतच एक वही करावी. घड्याळ कुठून घेतले, कितीला, केसवर आणि आतल्या मशीनवर कोणता नंबर आहे, हे लिहावे. जुन्या बाजारात एकाचे मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये घालून विकले जाते, तेव्हा ही नोंद खरेदीतही कामी येते. एखादे घड्याळ संग्रहालयाला किंवा वारस नसलेल्या कुणाला द्यायचे असेल तर वसीयत एक तृतीयांशापर्यंतच चालते, हे लक्षात ठेवावे.

जकातही विसरू नये. विकण्यासाठी घेतलेल्या घड्याळांची पूर्ण किंमत व्यापारी मालात धरायची. हौसेसाठी ठेवलेल्यांच्या मशीनवर जकात नाही, पण हनफी मसलकात सोन्या-चांदीच्या केसचे वजन बाकी सोन्या-चांदीत मिळवावे लागते. नक्की हिशोब आपल्या आलिमांना विचारा. सोन्याच्या केसचे घड्याळ पुरुषाने वापरायचेही नाही.

शेवटी मुले असलेल्या घरांसाठी एक सूचना. अंधारात चमकणारे काटे असलेल्या जुन्या घड्याळांच्या रंगात रेडियम असू शकते, ते घरी उघडू नका. तेलही घरचे घालू नका, घडीसाजाकडे न्या. आणि आज रात्री जेवणानंतर ते कपाटातले घड्याळ बाहेर काढा, मुला-मुलींना एकत्र बसवून ते कोणाचे होते ते सांगा आणि वहीत पहिली ओळ लिहा.