शब्द बदलले, सांगाडा तोच

परवा एका तरुण सहकाऱ्याने किल्ल्यावरचा लेख आणून दिला. दुसऱ्याच परिच्छेदात ठेच लागली. ‘पुरातन’चं ‘प्राचीन’ झालेलं, ‘बेलाग’चं ‘अभेद्य’. पण वाक्यांचा क्रम, उपमा, इतकंच काय, कंसातला विनोदसुद्धा मूळ पुस्तकातलाच. ‘‘सर, एक वाक्यही जसंच्या तसं उचललेलं नाही,’’ तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. कॉपीराइट कल्पनेला किंवा माहितीला नसतो, मांडणीला असतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं. विषय एकच असूनही चित्रपटवाले सुटले, कारण हाताळणी वेगळी होती. (नाटककाराबद्दल मला मात्र अजून हळहळ वाटते.) आमच्या पठ्ठ्याचं नेमकं उलटं: शब्द वेगळे, हाताळणी तीच. तळटीप टाकली की सुटलो, हाही भ्रमच. तळटीप ऋण मान्य करते, परवानगी मिळवून देत नाही. मी त्याला पुस्तक मिटायला लावलं, चहा मागवला आणि म्हटलं, ‘‘आता तोंडी सांग.’’ तो पाच मिनिटं अडखळत बोलला. तेवढंच लिहून घेतलं आणि सनावळ्या पुस्तकाशी ताडून पाहिल्या. लेख निम्म्यावर आला. कंसातला विनोद गेला, त्याचं त्याला अजून वाईट वाटतंय.