हँडलवरचे शीड

दुचाकीचा अपघात झाला की दोष कोणाचा हे ठरविण्याची आपल्याकडे एक रूढ उतरंड आहे. आधी चालक, मग रस्त्यावरचा खड्डा, मग समोरून आलेला ट्रक. वाऱ्याचे नाव पंचनाम्यात क्वचितच येते, कारण तो जबाब देण्यासाठी घटनास्थळी थांबत नाही. आणि त्या वाऱ्याला थेट सुकाणूवर हात घालू देणारी जी मोठी काच अनेक जण स्कूटरच्या हँडलवर मोठ्या विश्वासाने बसवून घेतात, तिच्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. वादळी पावसाच्या दिवसांत या काचेचा विचार गंभीरपणे व्हावयास हवा.

काच बसविणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या उघड्या पठारावर डिसेंबरातली पहाट छातीत शिरते, उन्हाळ्यात धूळ डोळ्यांत जाते आणि पावसाळ्यात थेंब चेहऱ्यावर खड्यांसारखे बसतात. पहाटेच्या पाळीला दररोज पंधरा-वीस किलोमीटर जाणाऱ्या कामगाराने दोन फूट रुंद आणि तितकीच उंच पारदर्शक काच लावून घेतली, तर ती चैन नव्हे. परंतु गरज खरी असली म्हणून उपाय निर्धोक ठरत नाही.

यामागील शास्त्र कठीण नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वर सांगितलेल्या आकाराच्या काचेवर, हवा स्तब्ध असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना, ठोकळ हिशेबाने अडीच-तीन किलोंचा भार पडतो. समोरून तितक्याच वेगाचा वारा सुटला की तोच भार दहा-अकरा किलोंवर जातो. आणि हा भार पडतो तो उंचावर. त्यामुळे मागील चाकावर ओझे वाढते आणि वाहनाला दिशा देणारे पुढील चाक तितकेच हलके होते.

यावर कोणी म्हणेल की, काच नसती तर हा भार छातीवर आलाच असता. आक्षेप योग्य आहे. पण प्रश्नाचे मर्मही नेमके येथेच आहे. छाती हँडलला जोडलेली नसते. झोत आला की माणूस नकळत झुकतो, अंग चोरतो आणि हात मोकळे ठेवून तोल सावरतो. हँडलला घट्ट आवळलेल्या काचेला हे साधत नाही. वारा तिरकस आला की काचेच्या एका कडेवर दाब अधिक पडतो आणि हँडल चालकाची परवानगी न घेता फिरू पाहते. जहाजाचे शीड कोणी सुकाणूलाच बांधत नाही. आपण स्कूटरवर मात्र नेमके तेच करतो. त्यात स्कूटरची चाके दहा-बारा इंचांची. मोटारसायकलच्या मोठ्या चाकांना जो स्थिरपणा लाभतो, तो त्यांना लाभत नाही.

स्कूटरच्या मूळ रचनेत हा विवेक होता. १९४६ साली अवतरलेल्या वेस्पाचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हे मूळचे विमानविद्येतील अभियंता. त्यांनी पायांपुढे रुंद पत्रा दिला, पण तो गाडीच्या सांगाड्याला जोडून. त्या पत्र्यावर वारा कितीही आदळला तरी हँडल वळत नाही. पिआज्योच्या परवान्याने १९६०च्या दशकात बजाजने हीच स्कूटर भारतात तयार केली आणि पुढे ‘चेतक’नेही तीच ठेवण पाळली. हँडलवरची उंच काच मात्र बहुधा नंतर, सुट्या सामानाच्या दुकानातून चढते.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि शहराची दिनचर्या पश्चिमेकडे वळली. पावसाळी वारेही मुख्यतः पश्चिमेकडूनच येतात. छावणी ओलांडून नगर नाक्यापुढे निघालेला कामगार त्या दिवसांत थेट वाऱ्याच्या तोंडावर जातो. शेजारून मोठा ट्रक जाऊ लागला की क्षणभर आडोसा मिळतो आणि ट्रक पुढे सरकताच वारा दुप्पट जोराने आल्यासारखा आदळतो. जालना रस्त्यावर क्रांती चौक, सेव्हन हिल्स वा सिडकोचा उड्डाणपूल चढतानाही तेच. दोन्ही बाजूंच्या इमारतींचा आधार सुटतो आणि आडवा झोत काचेला गाठतो. वळिवाच्या आधी सुटणारे वावटळी वारे तर दिशाही कळू देत नाहीत.

यावर बंदी हा उपाय आम्ही सुचवीत नाही. केरळने २०२१ मध्ये दुचाकीवर छत्री उघडण्यास मनाई केली, ती वाऱ्याने तोल जाण्याच्या धोक्यामुळेच. छत्री आणि काच एकच नव्हेत. पण चालत्या दुचाकीवर वाऱ्याला पृष्ठभाग देणे ही सुरक्षेची बाब आहे, एवढे तरी त्या निर्णयाने मान्य केले. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाला वाहिलेली ‘एआरएआय’ ही संस्था आहे. आडव्या वाऱ्यात कोणत्या आकाराची काच कितपत सुरक्षित, याच्या चाचण्या ठरवून त्याखेरीज अशा काचा विकू न देणे अशक्य नाही. काच ठेंगणी असावी, सांगाड्याला जोडलेली असावी आणि किती वेगापर्यंत ती वापरावी हे तिच्यावरच छापलेले असावे, इतकी अपेक्षा माफक आहे. बिडकीनला विद्युत स्कूटरच्या कारखान्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. नव्या गाड्यांच्या आराखड्यातच ही सोय करता येईल.

तोवर चालकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. डोळ्यांच्या रक्षणासाठी काच हवी तर ती शिरस्त्राणाला असावी. कायद्याने ते सक्तीचे आहेच. आणि मोठी काच लावायचीच असेल, तर वादळी दिवसांत ती उतरवून ठेवावी, नाहीतर वेग उतरवावा. दोहोंपैकी काहीच न उतरविणाऱ्याला वारा कधी उतरवील, हे सांगता येत नाही.