घरात न बोलली जाणारी भाषा

मुलाला कोडिंगच्या शिकवणीला बसवायचे, शुल्क भरायचे आणि दाराबाहेर मोबाइल चाळत तास संपण्याची वाट पाहायची, एवढेच मध्यमवर्गीय मराठी घराचे संगणकाच्या भाषेशी नाते उरले आहे. २०२०च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांना भावी कोट्यधीश म्हणून मिरवणाऱ्या जाहिरातींनी त्याचा पाया घातला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवले आणि त्याला प्रतिष्ठा दिली. पुढे जाहिराती ओसरल्या, धास्ती मात्र राहिली. मूल मागे पडेल ही ती धास्ती. आपण स्वतः कोठे उभे आहोत, हा प्रश्न त्या धास्तीत कोणालाच पडत नाही.

आमचे म्हणणे असे की, आज्ञावली लिहिणे हा भाषाव्यवहार आहे. आणि घरात कोणीच बोलत नाही अशी भाषा आठवड्यातल्या दोन तासांत मुलाच्या अंगी मुरत नाही. इंग्रजीच्या बाबतीत आपण हे भोगले आहे. व्याकरण तोंडपाठ, आणि बोलायची वेळ आली की तोंड बंद!

हे आम्हांलाच प्रथम सुचले, असा आमचा दावा नाही. मुलांसाठी १९६७मध्ये 'लोगो' ही संगणकभाषा सिद्ध करणाऱ्यांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, यांनी 'माइंडस्टॉर्म्स' या १९८०च्या पुस्तकात हाच धागा धरला आहे. फ्रेंच शिकावे ते फ्रान्समध्ये राहून, तसे गणित शिकायला 'गणिताचा प्रदेश' हवा, असे ते मांडतात. त्याच पुस्तकात ते ब्राझीलमधल्या सांबा-शाळांकडे बोट दाखवतात. तेथे कार्निव्हलची तयारी करताना लहान-थोर, नवखे आणि मुरलेले एकत्र नाचतात, एकमेकांकडून शिकतात. आपल्याला इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. भजनी मंडळात आजोबांच्या मांडीशी बसून टाळ धरणारे पोर काय निराळे करते? त्याला कोणी 'ताल : पातळी पहिली' असे प्रमाणपत्र देत नाही, आणि मांडीवाले आजोबा दाराबाहेर ताटकळतही नाहीत.

आमच्यापैकी एकीच्या घरी गेल्या वर्षी घडलेला प्रसंग. सहावीतल्या मुलीने पायथनमध्ये शब्दाची लांबी मोजणारी एक ओळ लिहिली आणि कौतुकाने आजीला शब्द विचारला. आजी म्हणाल्या, "क्षमा." यंत्राने उत्तर दिले : पाच. आजी ठाम, "अक्षरे दोनच." मग यंत्राला नेमके काय दिसते याचा शोध सुरू झाला. क, हलन्ताची खूण, ष, म आणि काना, अशी पाच चिन्हे ते मोजत होते. मुलीने खुणा वगळणारा नियम लिहिला. उत्तर आले तीन. बँकेत नोकरी करणारे, आजवर या प्रकारापासून चार हात दूर राहिलेले वडील वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "हलन्तानंतरचे व्यंजन वेगळे धरू नकोस." उत्तर आले दोन. त्या संध्याकाळी जेवणे उशिरा झाली.

पुढच्या आठवड्यात आजींनी लघु-गुरू काढले. त्यांच्या शाळेत वृत्ते घोटून घेतलेली. 'मराठी' हा शब्द लघु, गुरू, गुरू, म्हणजे 'यमाता', म्हणजे यगण, हे त्या बोटांवर सांगत. तेच आज्ञावलीने सांगायला हवे होते. दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, असे नियम उतरले. 'सत्य'मधला 'स' बरोबर आला. मग 'दुसऱ्या' हा शब्द आला आणि यंत्राने 'स'ला गुरू ठरवले. आजी हसल्या. तेथे आघात पडत नाही, म्हणून तो लघुच राहतो. आता हा आघात यंत्राला कसा सांगायचा? त्यासाठी अपवादांची यादी करावी लागली, आणि त्या यादीचा अधिकार घरात एकाच व्यक्तीकडे होता. तिने कळफलकाला हातही लावला नव्हता.

(पिंगलाला संगणकाचा जनक ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आम्हांला बसवू नये. तीन जागांवर लघु-गुरूंच्या आठ रचना होतात आणि म्हणून गण आठ, एवढेच आम्ही म्हणतो. ते खरे आहे आणि तेवढे पुरते.)

आता आमच्याच बिरादरीविषयी. कोडिंग म्हटले की मराठीचा प्राध्यापक हात झटकतो : "ते विज्ञानवाल्यांचे." वर या अज्ञानाला तो साहित्यिक संवेदनशीलतेचे लक्षण समजतो. संधिनियम, समासविग्रह, प्रयोग, गण शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी नियमबद्ध भाषेपुढे अडाणीपणा मिरवावा, याला विनय म्हणत नाहीत. ते कामचुकारपण आहे. 'दुसऱ्या'चा आघात जाणणारी माणसे यातून बाजूला सरली, तर मराठीचे नियम यंत्रात कोण लिहिणार? जे लिहितील ते 'क्षमा'ची अक्षरे पाच मोजतील, आणि पुढल्या पिढीला ती पाचच वाटतील.

भाषा इंग्रजी आहे ही सबब अर्धीच खरी. आज्ञा इंग्रजी आहेत खऱ्या. पण पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८पासून, चलांना 'अक्षर' किंवा 'मात्रा' अशी देवनागरी नावे देता येतात. ज्या घरात तीस-चाळीस इंग्रजी शब्द रोज बिनदिक्कत वापरले जातात, तेथे आणखी दहांनी काय बिघडते? २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. तेव्हापासून 'आता यंत्रच लिहिते, शिकायचे कशाला' ही दुसरी सबब निघाली. मार्गदर्शके बाजारात मिळतात म्हणून आपण कविता वाचणे सोडावे, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो काय?

गेल्या सत्रात आम्ही वृत्तांचे चार तास संगणककक्षात घेण्याची, आणि त्या तासांना विद्यार्थ्यांनी घरातले एखादे वडीलधारे माणूस सोबत आणावे अशी सूचना विभागाच्या बैठकीत मांडली. पहिल्या भागावर कोणी बोलले नाही. दुसऱ्यावर हशा पिकला. कक्षाची किल्ली विज्ञान शाखेकडे असते, असे शेवटी सांगण्यात आले. किल्लीसाठी लेखी अर्ज दिला आहे. सोबत अपवादांची यादीही जोडली आहे. तीत तूर्त एकेचाळीस शब्द आहेत, आणि त्यांतल्या तिघांवर आजींचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.