जहाजाने मोजलेला आकडा जेटीच्या फळ्यावर यायला हवा



मुरगाव बंदरात संशोधनाची जहाजं लागलेली आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहेत. "ती सरकारी जहाजं, आपला काय संबंध?" असं म्हणून आपण पुढे जातो. माझं मत वेगळं आहे. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या जाळ्याशी आहे.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 ला सुरू झाली. 1976 साली देशाला 'गवेषणी' हे पहिलं खास संशोधन जहाज मिळालं. मुळात ते गाळ वाहणारं बार्ज, त्यात फेरबदल करून प्रयोगशाळा बसवल्या. बार्ज म्हणजे काय, हे मांडवी-झुवारीच्या माणसाला सांगायला नको. याच 'गवेषणी'ने 26 जानेवारी 1981 ला अरबी समुद्राच्या खोल तळातून धातूंचे गोळे वर काढले. मग 1983 मध्ये जर्मनीत बांधलेलं, शंभर मीटर लांबीचं 'सागर कन्या' आलं. 2014 मध्ये आपल्याच देशात बांधलेलं 80 मीटरचं 'सिंधू साधना' आलं.

या जहाजांवर काय असतं? आपल्या केबिनमध्ये फिश फाइंडर असतो, त्याचाच थोरला भाऊ तिथे असतो. तो एका फेरीत तळाचा रुंद पट्टा मोजतो. दुसरं यंत्र कुठल्या थरात प्रवाह कुठे वाहतोय ते सांगतं. पण आपल्या कामाचं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे सीटीडी. लोखंडी चौकटीत गोल उभ्या केलेल्या बाटल्या आणि मध्ये सेन्सर. विंचवरून ते पाण्यात सोडतात. खाली जाता जाता ते पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजतं. सोबत प्राणवायूचा सेन्सर लावला की तोही कळतो. हव्या त्या खोलीवर बाटली बंद करून तिथलंच पाणी वर आणता येतं.

हा प्राणवायू आपल्याला का हवा? पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, कमी प्राणवायूचं पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागात तळाने चढतं. वर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. त्यात मेलेलं शेवाळ तळाला कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर काही ठिकाणी तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. डॉ. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात हे जगापुढे मांडलं. कांदोळीसमोर संस्थेचं मोजणीचं ठाणंच आहे. तिथे पाणी जेमतेम 14 वाव.

आता आपलं बघा. 31 जुलैला बंदी संपते, 1 ऑगस्टला ट्रॉलर सुटतात. ऐन हंगामाच्या पहिल्या तीन महिन्यांतच तळ गुदमरलेला असतो. मासळी अशा पाण्यात थांबत नाही, वर येते किंवा किनाऱ्याकडे सरकते. तळाला जाळं ओढणाऱ्याचं डिझेल फुकट जातं. मग मासळीमागे ट्रॉलर पाच किलोमीटरच्या आत शिरतात आणि रापणकारांशी भांडण पेटतं. भांडण माणसांचं दिसतं, पण त्याला कधी कधी पाण्याचंही कारण असतं.

"हैदराबादहून मासळीचा अंदाज येतोच की," असं कोणी म्हणेल. येतो, आणि तो उपयोगी आहे. पण तो उपग्रहाच्या नजरेने, पाण्याच्या वरच्या थराचं तापमान आणि रंग पाहून काढलेला असतो. ढग आले की ती नजर झाकली जाते, आणि तळाचा प्राणवायू तिला कधीच दिसत नाही. तो मोजायला यंत्र पाण्यातच उतरवावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं. ऑगस्ट ते ऑक्टोबर दर आठवड्याला, किती वावावर तळाला किती प्राणवायू आहे, हे मालीम, वास्को, कुटबणच्या जेटीवर फळ्यावर लिहिलं जावं. मराठीत आणि कोंकणीत, आपल्याला कळेल असं. मोठं जहाज रोज कांदोळीसमोर उभं राहू शकत नाही, हे मान्य. पण आपल्या बोटी रोज जातात. केबलला लावलेला छोटा सेन्सर दोन-चार बोटींवर द्या, आमचे तांडेल तो सोडतील. तो बरोबर मोजतोय की नाही, हे जहाजाच्या यंत्राशी ताडून बघा. सोसायटीने हा प्रस्ताव लेखी द्यावा.

काही बोटमालकांना भीती वाटेल, की आपली जागा सगळ्यांना कळेल. तसं होणार नाही. हा आकडा मासळी कुठे आहे ते सांगत नाही, कुठे जाऊन उपयोग नाही ते सांगतो. त्यात कोणाचं गुपित फुटत नाही, सगळ्यांचं डिझेल मात्र वाचतं.

ज्या देशाने बार्जचं जहाज करून समुद्राच्या तळातला दगड वर आणला, त्याला 14 वावावरचा एक आकडा जेटीपर्यंत आणणं जड नाही. मागायचं मात्र आपल्याला आहे. पटत असेल तर येत्या सभेत विषय मांडा, नसेल पटत तर खाली मोकळेपणाने लिहा.