सर निवृत्त झाले, त्यांच्या जागेचं काय?

सत्र संपत आलं की कोल्हापूरच्या दैनिकांच्या आतल्या पानांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर महाविद्यालयांच्या बातम्यांची गर्दी होते. अमुक सरांना पीएच.डी. मिळाली, तमुक मॅडमची अभ्यास मंडळावर निवड झाली, ग्रंथपालांचा सेवापूर्ती समारंभ, शिपाईमामांचा सपत्नीक सत्कार. फोटोत फेटा, शाल, श्रीफळ आणि मधोमध संस्थेचे पदाधिकारी.

मी या बातम्या आवडीने वाचतो. कागलसारख्या गावात प्राध्यापक हा अजून ओळखीचा माणूस आहे. बाजारात भेटला तर लोक गाडी थांबवून बोलतात. ज्याने तीस-बत्तीस वर्षं मुलं शिकवली त्याला गावाने शाल द्यावी यात वावगं काही नाही. आणि मे महिन्यात या समारंभांची रांग लागते त्याला एक गमतीचं कारणही आहे. आमच्या आधीच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली. त्यामुळे निम्मी पिढी कागदावर एकाच दिवशी जन्मली आणि आता एकाच दिवशी, ३१ मेला, निवृत्त होते. माझ्या वडिलांची तारीखही तीच होती. खरी तारीख दादीलाही सांगता यायची नाही, फक्त 'उरुसाच्या आसपास' एवढंच.

पण या बातम्यांमध्ये एक वाक्य कधीच नसतं. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोण आलं?

बहुतेक वेळा उत्तर असं असतं, की कुणीच नाही. म्हणजे वर्गावर कुणीतरी जातं. जून-जुलैत एक छोटी जाहिरात येते, 'तासिका तत्त्वावर नेमणे आहेत'. पंचवीस-तीस उमेदवार फाईल घेऊन येतात, सगळे एम.ए. किंवा एम.एस्सी., बरेचसे नेट-सेट, काही पीएच.डी. त्यातला एक निवडला जातो, त्याच वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवतो, आणि सत्र संपलं की त्याचं काम संपतं. ना आदेश, ना निरोप. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा तीच फाईल, पुन्हा तोच इंटरव्ह्यू. काही जण बारा-पंधरा वर्षं हे करत आहेत. मुलं त्यांनाही सरच म्हणतात. मुलांना फरक कळत नाही, आणि कळू नये म्हणून ते सर बिचारे कपड्यांपासून सगळी काळजी घेतात.

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मॅडमना मी ओळखतो. महाविद्यालयाचं नाव घेत नाही, कारण कुठलंही घेतलं तरी गोष्ट तीच राहील. मॅडम आमच्याच समाजातल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर, सेट पास. अब्बांचं पंक्चरचं दुकान. ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले, बेटी प्रोफेसर झाली म्हणून. पत्रातला 'तासिका' हा शब्द त्यांनी वाचला नव्हता असं नाही. वाचला होता, पण सुरुवात अशीच असते असं त्यांना वाटलं. त्या सुरुवातीला आता नऊ वर्षं झाली.

मी मॅडमना विचारलं, महिन्याला पडतात किती? त्या हसल्या. "भाई, महिन्याला म्हणू नका. घेतलेल्या तासाला म्हणा."

तासिका तत्त्व म्हणजे नेमकं काय, हे ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक नाही त्यांना सहसा माहीत नसतं. प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचेच पैसे. त्या तासासाठी आदल्या रात्री केलेली तयारी हिशेबात नाही. गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, ईदची सुट्टी, सगळी बिनपगारी. पाऊस जास्त झाला, नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महाविद्यालयं बंद ठेवली, तर त्या दिवसाचेही गेले. परीक्षा सुरू झाली की तास बंद, म्हणजे पैसे बंद. पण अंतर्गत गुण भरायचे, प्रकल्पाच्या वह्या तपासायच्या, नॅकच्या फायली लावायच्या, ही कामं परीक्षेच्या तोंडावरच येतात, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या जूनमध्ये लोकांच्या लक्षात राहतं. जे पैसे होतात तेही दरमहा येत नाहीत. बिलं वर जातात, त्रुटी निघून खाली येतात, पुन्हा वर जातात. सत्र संपल्यावर सत्राचे पैसे, हा अनुभव नवा नाही.

मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याकडे मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते. जुम्म्याच्या बयानात ती बांधकामावरच्या मजुराबद्दल सांगितली जाते. खडू हातात धरणारा माणूसही मजूर असू शकतो, हे अजून आपल्या डोळ्यांना सवयीचं झालेलं नाही.

आमच्या कागलला साखर कारखाना नवा नाही, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. कारखान्यात हंगामी कामगार असतात. गळीत हंगाम संपला की ते घरी बसतात. पण त्या बसण्याच्या काळाचाही त्यांना काही भत्ता मिळतो, ज्याला कामगार रिटेन्शन म्हणतात. पुढच्या हंगामाला तो माणूस परत यायचा आहे हे कारखान्याने मान्य केलेलं असतं. हे कामगारांनी संघटना करून, भांडून मिळवलं. पीएच.डी. झालेल्या तासिका प्राध्यापकाला एवढंही नाही.

नियम काय सांगतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत लिहिलेलं आहे की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तेव्हाच नेमावेत आणि त्यांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. त्याच आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं मानधन ठरवलं. कागदावर वाचताना बरं वाटतं. आमच्या मॅडमनी ५०,००० हा आकडा महिन्याला तर सोडाच, एका सत्रात एकत्रही क्वचित पाहिला आहे. शिवाय उद्या नशिबाने त्या कायम झाल्याच, तर ही नऊ वर्षं पदोन्नतीत धरली जाणार नाहीत. कारण आधीची सेवा मोजायला त्या काळचा पगार कायम प्राध्यापकाएवढा असावा लागतो. आधी पगार कमी द्यायचा आणि मग पगार कमी होता म्हणून सेवा मोजायची नाही, असा हा हिशेब आहे.

भरती होतच नाही असंही नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० पदांना मंजुरी दिली. त्यातली १,४९२ भरली गेली, मग कोरोना आला, आणि उरलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. तोवर दरवर्षी ३१ मे येतच होता. म्हणजे एका बाजूने बादलीत पाणी ओतायचं आणि दुसऱ्या बाजूने बूड उघडं. त्यात भरतीच्या काळात गावोगाव जे लाखांचे आकडे कुजबुजले जातात, त्याबद्दल मी वेगळं लिहीन. पंक्चरवाल्याच्या मुलीला ते आकडे कुजबुजत सांगायचीही कुणाला गरज वाटत नाही, एवढंच इथे म्हणतो.

माझे एक मित्र निवृत्त प्राचार्य आहेत. त्यांचं म्हणणं, तू एकतर्फी लिहितोस. ग्रामीण भागात कला शाखेला मुलं कमी होत चालली आहेत, कार्यभार भरत नाही, उद्या पद अतिरिक्त ठरलं तर त्या माणसाचं करायचं काय? हे मला पटतं, पण अर्धंच. जिथे कार्यभार खरंच नाही तिथे तासिकाही नको. पण जिथे एका विभागात एक कायम प्राध्यापक आणि तीन तासिकावाले वर्षानुवर्षं शिकवतात, तिथे कार्यभार आहे हे त्या तिघांच्या हजेरीवरूनच सिद्ध होतं. अडचण पैशाची आहे, आणि ती सरकारने सोडवायची आहे, तासाच्या हिशेबाने जगणाऱ्याने नव्हे.

या गोष्टीचा आपल्या समाजाशी संबंध काय, असं काही वाचक विचारतील. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर शंभरात चारसुद्धा नाहीत. तेव्हापासून आपण सभांमधून मुलींना शिकवा, शिकवा म्हणून सांगतो आहोत. लोकांनी ऐकलं. मुली एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन एम.ए. झाल्या, सेट झाल्या. आता त्याच मोहल्ल्यातल्या बाकीच्या आया या मॅडमकडे बघतात. नऊ वर्षं झाली, अजून मे महिन्यात घरी शिकवण्या घेते, हे त्यांना दिसतं. मग बारावीनंतर पोरीचं लग्न ठरवणारी आई मला विचारते, "एवढं शिकून तिचं काय झालं, सांगा." या प्रश्नापुढे माझं भाषण चालत नाही.

दुसरं, आरक्षण. शाहू महाराज जन्मले आमच्या कागलच्या घाटगे घराण्यात. त्यांनी २६ जुलै १९०२ ला रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या. त्या हुकमाचा सगळा जोर 'रिकाम्या होणाऱ्या जागा' या शब्दांवर होता. जागा रिकामी होणार आणि ती भरली जाणार, हे त्यात गृहीत होतं. आज तांबोळी, मोमीन, बागवान, आतार घरातली मुलं ओबीसीचा दाखला काढून बिंदुनामावली बघतात. जागाच भरली नाही तर तो बिंदू कुणाला लागू होणार? पुढे १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मूल वर्गात येऊनही शिक्षकाची जागा रिकामी ठेवणाऱ्याला दंड किती, हे विचारायची वेळ तेव्हा आली नव्हती.

या मे महिन्यात तुम्हाला एखाद्या सरांच्या सेवापूर्तीचं निमंत्रण येईल. जरूर जा, हार न्या. व्यासपीठावर संस्थेचे पदाधिकारी असतील, बहुधा आमदारही असतील. चहाच्या वेळी त्यांना एवढंच विचारा: सरांची जागा कधी भरणार, प्रस्ताव गेला आहे का, गेला असेल तर कुठल्या टेबलावर आहे? माजी विद्यार्थी म्हणून हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, आणि चार-पाच जणांनी एकाच दिवशी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. आणि सत्कारांच्या यादीत या वर्षी तासिकेवर शिकवलेल्या सगळ्यांची नावं विषयासह वाचून दाखवा, असं आयोजकांना आधीच सांगून ठेवा. मॅडमना मी विचारलं, चालेल का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "नाव वाचतील तर वाचू दे भाई, पण आधी जानेवारीचं बिल काढायला सांगा."